जिनिंगच्या शेडमधलं विमान

वामनभाऊ इटनकर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी काहीतरी ओढून पाहत. खुर्चीची पाठ, दाराची कडी, भिंतीवरून लोंबणारी विजेची वायर. हातात चहाचा कप आला तर त्याचा कान दोन बोटांत धरून आधी हलका हिसका देत आणि मगच तो तोंडाला लावत. आमच्या शाळेच्या ऑफिसातला बिघडलेला पंखा बघायला त्यांना बोलावलं, तर स्टुलावर चढून त्यांनी पहिल्यांदा तो पंखाच दोन्ही हातांनी खाली ओढला. पंखा हुकासकट त्यांच्या कवेत आला. छताचा चुना टेबलभर सांडला. आवाज ऐकून हेडमास्तर धावत आले. वामनभाऊ पंखा मुलासारखा कडेवर घेऊन खाली उतरले आणि म्हणाले, "माह्या अंगावर आला ते बरं झालं, सर. उद्या तुमच्या टकुऱ्यावर आला असता."

"ओढून पाह्यलं काय?" हा त्यांचा जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दलचा प्रश्न होता. नवा दोर असो, नवं कुलूप असो, नाहीतर कुणी नुकतंच जमवलेलं स्थळ. लोक हसायचे. वामनभाऊ मात्र हसत नसत. जे ओढल्यावर सुटतं ते आधीपासूनच सुटलेलं होतं, असं त्यांचं मत होतं आणि त्या मतापायी त्यांनी सिंदीत बरीच माणसं दुखावली होती. एका गणेशोत्सवात रोषणाईची वायर मंडपाच्या पत्र्याला घासताना त्यांना दिसली. त्यांनी भर दुपारी सगळी रोषणाई ओढून काढली आणि पोरांनी नव्यानं वायर टाकेपर्यंत गणपतीसमोर मांडी घालून बसले. पोरांनी शिव्या दिल्या. यांनी डोळे मिटून घेतले. पुढे कित्येक महिने मंडळाचं कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी मूळची आर्वीची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सिंदी रेल्वेच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि इटनकरांच्या घरी एक खोली भाड्यानं घेतली. घराला लागूनच त्यांचं जुनं जिनिंग होतं. वडील होते तोवर हंगामात तिथे कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. वडील गेले, यंत्रं थकली, जिनिंग बंद पडलं आणि ती भली मोठी टिनाची शेड तशीच राहिली. तिच्या छताच्या लोखंडी कैच्यांवर तेव्हाही कापसाचा कीस चिकटलेला असायचा. वारा आला की तो खाली उतरायचा आणि खाली उभ्या असलेल्या विमानावर बसायचा.

विमान म्हटलं की बाहेरच्यांना थट्टा वाटते, म्हणून नीट सांगते. वामनभाऊ तरुणपणी हवाई दलात होते. विमानातली घड्याळं आणि वायरी दुरुस्त करायचं काम. वडिलांच्या आजारपणात नोकरी सोडून गावी आले, पण त्याआधी नागपूरला विमान चालवायला शिकून घेतलं होतं. गावी आल्यावर परदेशातून नकाशे मागवून त्यांनी त्या शेडमध्ये स्वतःचं विमान बांधायला घेतलं. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील एवढंसं. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, कापडावर उग्र वासाचं रोगण, पुढे मोटारीचं इंजिन. पंखांवरचं कापड शालिनीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हातानं शिवलं होतं. मी तिचे टाके बघून थक्क झाले तेव्हा ती म्हणाली, "गादीच्या खोळीले याच्याहून जास्त मेहनत लागते, बाई."

त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनी फार बोलत नसे. वामनभाऊ बोलले तर एकाच विषयावर बोलत. पण संध्याकाळी शेडमधून दोघांचा आवाज यायचा, तो सुखाच्या घरातून येतो तसा असायचा.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती एका अपमानातून. मी विज्ञान शिकवते हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सोल्डर करता येते काय?"

"नाही."

"मंग पोरायले काय शिकवता?"

मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शेडमध्ये गेले. त्यांनी माझ्या हातात तापलेली इस्त्री द्यावी तसं वायरी कथलानं सांधायचं सोल्डरिंगचं लोखंड दिलं. महिन्याभरात मला चांगला सांधा आणि वाईट सांधा बघताक्षणी ओळखू यायला लागला. चांगला चकचकीत दिसतो, वाईट राखेसारखा. बघून झालं तरी ते ओढायचेच. त्यांच्या हातचा सांधा कधी सुटलेला मी पाहिला नाही.

विमान उडालं. विमान खात्याचा एक माणूस येऊन, सगळं ठोकून-वाजवून बघून गेला होता. सेलूच्या वाटेवर इटनकरांचा एक माळ होता, तिथले दगड वेचून त्यांनी धावपट्टी केली होती. पहिल्या दिवशी अर्धं गाव माळावर होतं. विमान उठलं तेव्हा एक म्हातारी माझा दंड धरून ओरडली, "अवो माय, गेला ना तो!" तो गेला आणि परतही आला. पुढचे दोन हिवाळे ते सुट्टीच्या दिवशी सकाळी उडत. वहिनी शेजारी बसे. खाली उतरल्यावर तिच्या डोक्यावरचा पदर जागच्या जागी असायचा, याचं मला फार नवल वाटे.

नंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी विमानातलं एक हँडल काढून टाकलं. ते कशाचं होतं हे सांगायला हवं. विमानाचं नाक हवेत सारखं वर किंवा खाली ओढ घेत असतं. ती ओढ मारण्यासाठी शेपटीवर एक लहानशी पट्टी असते, तिला ट्रिम म्हणतात. ट्रिम बरोबर बसलं की चालवणाऱ्याला विमान वर-खाली न्यायची, वळवायची दांडी घट्ट धरून ठेवावी लागत नाही. या विमानात दांडी दोन्ही सीटपुढे होती, एक हलली की दुसरीही हलायची. ही पट्टी फिरवायचं हँडल गुडघ्याजवळ होतं. ते काढून वामनभाऊंनी शेपटीत ट्रकच्या वायपरची मोटर बसवली आणि दांडीच्या टोकावर अंगठ्याखाली एक बटण. पुढे दाबलं की नाक खाली, मागे दाबलं की वर.

"चांगलं हँडल होतं की," मी म्हटलं.

"सगळीकडे वीज आली. विमानात काऊन नको?"

मला ते पटलं. त्याच सुमाराला ते कपऐवजी पेल्यात चहा घ्यायला लागले होते आणि तो दोन्ही तळव्यांत धरत होते. सदऱ्याची काजं-बटणं जाऊन टिचबटणं आली होती. वायर ओढून पाहताना ते आता बोटं वापरत नव्हते, मनगट वाकवून त्याच्या खोबणीत वायर अडकवत आणि हात मागे घेत. हे सगळं मी रोज पाहत होते. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे जिथे मांसाचा उंचवटा असतो तिथे त्यांच्या हाताला खळगा पडला होता, तोही मी पाहिला होता. कष्टाचे हात, असं मनात म्हणून मी पुढे गेले होते.

त्या हिवाळ्यातल्या एका सकाळी ते आणि वहिनी उडाले. मी माळावर थांबले होते. विमान सेलूच्या बाजूनं वळून येत होतं आणि एकाएकी त्याचं नाक खाली गेलं. जरा वर आलं. पुन्हा गेलं. लांबून ते एखाद्या खेळासारखं दिसत होतं. मग ते इतकं खाली आलं की तुरीच्या शेतातली माणसं पळताना मला दिसली. त्यानंतर ते हळूहळू सरळ झालं, माळावर आलं, दोनदा आपटून उसळलं आणि थांबलं. मी धावत गेले. वामनभाऊ समोर बघत बसले होते. वहिनी तिच्या बाजूची दांडी अजून दोन्ही हातांनी पोटाशी ओढून धरून होती. मी "वहिनी, सोडा आता" म्हटलं, तरी तिची बोटं उघडेनात.

काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. बटण सोडलं तरी ट्रिमची मोटर थांबलीच नाही. आतला विजेचा खटका चिकटून बसला होता. मोटर नाक खाली-खाली नेत राहिली. वामनभाऊंनी दांडी दोन्ही हातांनी मागे ओढली. धडधाकट माणसानं ती धरून ठेवली असती.

"मी पाह्यलं तं त्यायचे हात थरथरून राह्यले होते अन् दांडी पुढं-पुढं चालली होती," वहिनी म्हणाली. "मले वाटलं, हे मुद्दाम सोडून राह्यले काय? मंग मी धरली. मले काही जोर लागला नाई, बाई. तेव्हा समजलं मले."

ती दांडी धरून बसली आणि वामनभाऊ मोटरची वीज तोडायला लागले. मुख्य स्विच त्यांनी बॅटरीजवळ, सीटच्या मागे बसवला होता. तिथे हात पोचत नव्हता. समोरच्या फ्यूजची टोपी चिमटीत धरवेना, बोटं घसरत होती. शेवटी त्यांनी मोटरकडे जाणारी वायरच मनगटात अडकवून ओढली. त्यांचीच वायर, त्यांनीच केलेला सांधा. तो सुटेना. अंगाचा सगळा भार मागे टाकून त्यांनी तिसऱ्या की चौथ्या हिसक्याला तो तोडला. पुढे जमिनीला चाकं लागेपर्यंत दांडी वहिनीच्या हातात होती. ते सांगत होते, "थोडी मागं. अजून. आता तशीच धर."

त्या दिवशी घरी आल्यावर वहिनीनं आपल्या सोललेल्या तळहातांना हळद लावली आणि त्यांना एवढंच विचारलं, "मले काऊन नाई सांगितलं?"

ते म्हणाले, "मलेच कुठं मान्य होतं."

नागपूरच्या डॉक्टरांकडे दोघं गेली तेव्हा मीही सोबत होते. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली, गुडघ्यांवर हातोडी मारली. मग खुर्ची जवळ ओढून सांगितलं की मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. आधी हात, मग पाय, मग गिळणं, बोलणं.

"म्हणजे सप्लाय ठीक आहे, मोटर ठीक आहे. वायर खराब," वामनभाऊ म्हणाले.

"तसं म्हणा."

"बदलता येते काय?"

"नाही."

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले. बुटीबोरी गेल्यावर म्हणाले, "चांगला डॉक्टर आहे. उगाच फिरवलं नाई त्यानं."

महिना गेला. आम्हाला वाटलं, शेडला आता कुलूप लागेल. पण वामनभाऊंनी जुन्या ओळखीच्या लोकांकडून मोडीत निघालेल्या विमानांचे भाग मागवले. जोरात फिरून दिशा धरून ठेवणारा एक भोवरा आणि दोन सर्व्हो. सर्व्हो म्हणजे हुकूम मिळाला की तेवढीच फिरणारी आणि थांबणारी मोटर. एक पंखांच्या हलत्या फळ्यांसाठी, एक शेपटीसाठी. विमान कलंडलं की भोवऱ्याला कळणार, भोवरा सर्व्होला सांगणार, सर्व्हो तार ओढून विमान सरळ करणार. माणसानं नुसतं बसायचं. ऑटोपायलट.

लोखंड आता त्यांच्या हातात राहत नव्हतं, म्हणून सांधे मी करायचे. ते स्टुलावर बसून सांगायचे. भोवऱ्याची वायर मोटरच्या वायरीला चिकटून न्यायची नाही, तिच्यावर जाळी चढवायची, टीचभर अंतरावर दोऱ्यानं बांधायची, हवेत लोंबता सांधा ठेवायचा नाही. मुख्य स्विच यावेळी समोर, मुठीनं आपटून बंद करता येईल असा. त्या चुकीची लाज त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिली. एकदा माझा एक सांधा राखेसारखा दिसला. ते वाकले, वायर दातांत धरली आणि मान मागे घेतली. वायर सुटून त्यांच्या ओठांवर लोंबत राहिली. ती काढायला त्यांना मला खुणेनं सांगावं लागलं.

एवढं होऊनही त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. मला वाटायचं, माणूस आजाराशी लढतो आहे. वहिनीला तसं वाटत नव्हतं.

एका रविवारी दुपारी ती चहा घेऊन शेडमध्ये आली. पेला त्यांच्या तोंडाशी धरला, त्यांनी प्यायला, पदरानं तिनं त्यांची हनुवटी पुसली. मग माझ्याकडे वळली.

"बाई, इमानदारीनं सांगा. हे यंत्र विमान खाली उतरवते काय?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भोवऱ्याकडे बघत होते.

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "हे फक्त सरळ धरतं. उतरवायचं ते माणसालाच."

"कोणत्या माणसाले?"

टिनावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता.

"तुमाले विचारून राह्यली," ती त्यांना म्हणाली. "वर जासाल. यंत्र सरळ नेईल. मंग?"

"पाहू मंग."

"मले शिकवा उतरवायले. दांडी धरली होती ना मी त्या दिवशी? उतरलं होतं ना? शिकवा. मी बाजूले बसीन."

"तुले नाई नेत आता मी."

"काऊन?"

ते पुन्हा भोवऱ्याकडे बघायला लागले.

"म्हणजे तुमाले खाली यायचंच नाई." ती हे ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली. "हे वायरी बांधणं, हे दोरे गुंडाळणं, हे सगळं त्याच्यासाठी आहे. अन् या पोरीच्या हातून करून घेऊन राह्यले तुम्ही."

माझ्या हातातलं लोखंड मी खाली ठेवलं. मला तोवर हे सुचलंच नव्हतं.

"शालू," ते म्हणाले, "तू मले उचलून संडासले नेशील. मंग भरवशील. मंग मले गिळता नाई येणार, तेही पाहशील. डॉक्टरनं सांगितलं ते तू ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मंग?"

"मंग काय? मी ऐकलं अन् मी घरीच आहे. कुठं गेली मी?"

तिनं पेला उचलला आणि ती निघून गेली.

त्यानंतर दोन-तीन आठवडे मी शेडमध्ये गेले नाही. एके दिवशी शाळेत निरोप आला: प्रयोगशाळेतला ताणकाटा घेऊन या. वजन टांगायचा, स्प्रिंगचा तो साधा काटा. मी गेले तेव्हा विमानात ते डाव्या सीटवर बसले होते. वहिनीनं आणि जिनिंगच्या जुन्या चौकीदारानं त्यांना उचलून बसवलं होतं. वहिनी पंखाजवळ उभी होती.

"क्लचची चाचणी राह्यली," ते म्हणाले. "चाचणी केल्याबिगर हात नाई लावत मी कशाले."

सर्व्हो आणि तार यांच्या मधे एक क्लच असतो. यंत्र बिघडून भलतीकडे ओढायला लागलं तर माणसानं दांडी जोरानं फिरवायची, क्लच घसरतो आणि यंत्र हरतं. क्लच एका नटनं घट्ट-सैल होतो. तो इतका घट्ट हवा की हवेच्या जोरापुढे सर्व्होनं घसरू नये, आणि इतका सैल हवा की माणसाच्या हातापुढे त्यानं घसरावं. हवेचा जोर किती ते त्यांना ठाऊक होतं. दांडीला ताणकाटा लावून मी नट पिळला आणि तेवढ्यावर आणून ठेवला.

"चालू करा."

मी स्विच दाबला. भोवरा गुणगुणायला लागला. त्यांनी मान हलवल्यावर मी भोवऱ्याची पेटी हातानं तिरपी केली. सर्व्हो फिरला, दांडी डावीकडे गेली, पंखावरच्या फळ्या हलल्या. एक वर, एक खाली. आमच्या सगळ्या सांध्यांतून वीज बिनचूक वाहत होती. इतकं सुंदर काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

त्यांनी दोन्ही मनगटं दांडीच्या डाव्या अंगाला लावली आणि उजवीकडे लोटलं. दांडी हलली नाही. त्यांनी खांदा लावला. चेहरा लाल झाला, तोंडातून लाळ आली.

"सैल करा थोडा."

केला. दांडी हलली नाही.

"अजून."

मी नट फिरवत गेले. शेवटी एकदा दांडी त्यांच्या रेट्यानं सरकली, क्लच टकटक करत घसरला. ते क्षणभर हसले. मग म्हणाले, "पंखावरच्या फळीले रेतीची थैली बांधा. हवेएवढी."

थैली वहिनीनं बांधली. तिनं हात काढताक्षणी फळी खाली ओढली गेली. सर्व्हो जागेवर गरगरत राहिला, क्लच टकटकत राहिला आणि कशालाच जोडलेली नसावी तशी फळी लोंबत राहिली.

त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. आम्ही दोघी त्यांच्याकडे पाहत होतो.

"बंद करा," ते म्हणाले. "माह्या हातात आता हवेएवढाही जोर नाई. बिघडलेलं यंत्र ज्याले थांबवता येत नाई त्यानं यंत्रात बसू नये."

वहिनी आली, तिनं त्यांच्या काखेत हात घातले आणि पहिल्यांदाच, चौकीदाराची वाट न बघता, एकटीनं त्यांना उचलून बाहेर काढलं. ते इतके हलके झाले असतील हे मला माहीत नव्हतं. तिलाही नसावं. ती मधेच थांबली आणि त्यांना तसंच धरून उभी राहिली.

विमान त्यांनीच खोलून सुटं करायला सांगितलं. त्या उन्हाळ्यात रोज सकाळी वहिनी आणि चौकीदार पाने-पकडी घेऊन बसत आणि वामनभाऊ आरामखुर्चीतून सांगत: आधी पुढच्या पंख्याचे नट, मग इंजिनाचे, हा उलटा फिरव, तो ठोकू नको. वहिनी तेलानं माखलेली असे. कधी ती मुद्दाम चुकीचा नट धरायची आणि ते ओरडायचे. ओरडल्यावर ती हसायची. इंजिन नागपूरचा एक जुना मित्र घेऊन गेला. पंख भिंतीला टेकवून ठेवले, पुढच्या पावसाळ्यात उंदरांनी त्यांचं कापड खाल्लं. सर्व्हो आणि भोवरा मी शाळेला मागितले. वामनभाऊ नको म्हणाले. "पोरं खेळतील अन् जळवतील." ते भाग पुढे कुठे गेले मला माहीत नाही.

त्यांना बरंच जगावं लागलं. माझं लग्न झालं, मी वर्ध्याला राहायला आले. जमेल तेव्हा जात असे. दर खेपेला काहीतरी कमी झालेलं असायचं. एकदा गेले तर पाय गेले होते. एकदा गेले तर शब्द. त्यांचं बोलणं फक्त वहिनीला कळे, मग तिलाही कळेनासं झालं. मग ती अक्षरं म्हणायची आणि ते पापणी मिटायचे. त्यांना राग येई. फार राग येई. भरवताना ते घास मुद्दाम बाहेर लोटत, आणि वहिनी तो पुसून दुसरा घास पुढे करी. एकदा ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ रडली. म्हणाली, "त्या रविवारी शेडमधी मी त्यायले टोकलं नसतं तं बरं झालं असतं काय, बाई? रोज त्यायच्या डोळ्यात पाहते मी. मले समजत नाई, ते मले काय म्हणून राह्यले." मी तिच्या हातातली वाटी घेतली आणि धुतली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सिंदीच्या स्टेशनवर. श्वासाचा त्रास वाढला म्हणून वहिनी त्यांना नागपूरला नेत होती. मी त्यांना भेटायला म्हणून आले होते आणि प्लॅटफॉर्मवरच गाठ पडली. चौकीदार आणि दोन हमालांनी त्यांना वेताच्या खुर्चीसकट पॅसेंजरच्या डब्यात चढवलं आणि खिडकीशी बसवलं. डोकं एका बाजूला कलत होतं, वहिनीनं ते स्वतःच्या खांद्यानं टेकून धरलं. डब्यातले लोक बघून न बघितल्यासारखं करत होते. मी खिडकीशी उभी राहिले. काहीतरी बोलायला हवं म्हणून शाळेचं, घरचं बोलत राहिले. ते माझ्याकडे बघत होते. नुसते डोळे तेवढे त्यांचे राहिले होते.

शिट्टी झाली. गाडीनं हिसका दिला. वहिनी म्हणाली, "बाईले येतो म्हणा." आणि तिनं त्यांच्या मांडीवर पडलेला हात मनगटाशी धरून उचलला, खिडकीच्या गजांपर्यंत आणला आणि माझ्याकडे बघून हलवला. मला वाटलं, आता ते डोळे फिरवतील, रागावतील. त्यांनी डोळे फिरवले नाहीत. गाडी पुढे सरकली तसा तो हात हलत राहिला, आणि प्लॅटफॉर्म संपेपर्यंत तिनं तो थांबू दिला नाही.